पाच वॅटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर घरी कसा बांधायचा

व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची निर्वात काचेची नळी. तिच्यावर चालणारा अँप्लिफायर बांधायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, पाच वॅटने काय होणार? मुंबईतल्या घरांचा विचार केला तर भरपूर होतं. दहा बाय बाराच्या खोलीत आपण स्पीकरपासून सात-आठ फुटांवर बसणार. ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटला, एक मीटर अंतरावर, ९० डेसिबल आवाज देतो. चार वॅट दिले की ९६. पंखा चालू असताना आणि खालून रस्त्याची वर्दळ येत असतानाही तानपुरा स्वच्छ ऐकू येतो. अडचण स्पीकर चुकला तर होते. हल्लीचे छोटे शेल्फवर ठेवायचे स्पीकर बरेचदा ८४-८५ डेसिबलचे असतात आणि तेवढाच आवाज काढायला त्यांना चौपट ताकद लागते. म्हणून आधी स्पीकरच्या मागचा आकडा वाचा, मगच पुढे जा.

या लेखात बांधायचा आहे तो स्टिरिओ, सिंगल-एंडेड (दर चॅनलला शेवटी एकच व्हॉल्व्ह असलेला) अँप्लिफायर. दर चॅनलला एक ईएल ८४, आणि दोन्ही चॅनलना मिळून एक १२ एएक्स ७. या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या एकाच काचेत दोन ट्रायोड (दोन स्वतंत्र छोटे व्हॉल्व्ह) असतात, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकेक वाटून देता येतो. ईएल ८४ मी मुद्दाम निवडलाय. फिलिप्सचा हा १९५० च्या दशकातला व्हॉल्व्ह आजही नवा बनतो, २५० व्होल्टवर सुखात चालतो आणि चालवायला फार मोठा सिग्नल मागत नाही. ३०० बी सारख्या व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी. त्याचं एचटी (प्लेटला द्यायचं उंच डीसी व्होल्टेज) जास्त, किंमत जास्त आणि चुकीला क्षमा कमी. पहिला अँप्लिफायर ईएल ८४ चाच असावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी जिवाचं बघा

या यंत्रात तीनशे व्होल्ट डीसी असतं आणि ते प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतं. हा धोका किरकोळ समजू नका. घरात आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) बसवलाय म्हणून आपण सुरक्षित आहोत असं समजणं इथे चूक ठरतं, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला तुम्हाला शॉक बसला तर आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ते फक्त मेन्सच्या बाजूची गळती बघतं.

म्हणून काही सवयी पहिल्या दिवसापासून लावा. मुख्य फिल्टर कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॅटचा ब्लीडर रेझिस्टर (साठा हळूहळू रिकामा करणारा) कायमचा बसवा. आपल्या सर्किटमध्ये एकूण १७० मायक्रोफॅरडच्या आसपास साठा आहे. व्हॉल्व्ह काढलेले असले तरी ब्लीडर त्याला सव्वा मिनिटात ५० व्होल्टच्या खाली आणतो. तरीही तीन मिनिटं थांबा आणि मीटर लावून बघितल्याशिवाय आत हात घालू नका. चालू यंत्रात मोजताना मीटरची काळी वायर मगरचिमट्याने चॅसीला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, अडकवा, लाल प्रोब उजव्या हातात धरा आणि डावा हात खिशात ठेवा. पायात रबरी चप्पल असू द्या. रात्री उशिरा, झोप आलेली असताना एचटी चालू करू नका. आणि घरात कुणीतरी जागं, जवळपास असू द्या, ज्याला मेन स्विच कुठे आहे ते माहीत आहे.

अर्थिंगही तपासा. जुन्या चाळी आणि इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. फेज आणि अर्थमध्ये जवळपास २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. हे आकडे येत नसतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थ नसलेल्या घरात धातूच्या चॅसीचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर चालवायचा नाही.

पैसे लोखंडात घाला

हाताशी जे बजेट असेल त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा ट्रान्सफॉर्मरवर खर्च करा. महागडे तेल भरलेले कपॅसिटर, चांदीची वायर, दुर्मिळ जुने व्हॉल्व्ह यांनी पडणारा फरक बारीक असतो. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर वाईट असेल तर बाकी काहीही करून आवाज सुधारत नाही.

तीन नग लागतात: एक मेन्सचा, दोन आउटपुटचे. शिवाय एक चोक (एचटी गाळणारं, कोअरवरचं वाइंडिंग) घेतला तर उत्तम.

मेन्स ट्रान्सफॉर्मरचा हिशोब आपण करूनच वाइंडिंगवाल्याकडे जावं. व्हॉल्व्हच्या आत कॅथोड, ग्रिड, स्क्रीन आणि प्लेट अशी टोकं असतात. एक ईएल ८४ प्लेटला ४८ आणि स्क्रीनला साडेपाच मिलिअँपिअर घेतो. दोन व्हॉल्व्हचे झाले १०७, वर १२ एएक्स ७ चे दोन, म्हणजे ११० मिलिअँपिअर डीसी. पण ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटर असताना वाइंडिंगमधून वाहणारा एसी करंट याच्या पावणेदोनपट असतो. तेव्हा एचटी वाइंडिंग २१० व्होल्ट, २०० मिलिअँपिअर सांगायचं. ११० मिलिअँपिअर लिहून दिलं तर ट्रान्सफॉर्मर तासाभरात हात लावू देणार नाही. हीटरसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेसाठी, ६.३ व्होल्ट: दोन ईएल ८४ चे ०.७६ प्रमाणे दीड अँपिअर, १२ एएक्स ७ चा ०.३, एकूण १.८ च्या वर. ३ अँपिअरची, मधून टॅप (वाइंडिंगच्या मधून बाहेर काढलेली तार) काढलेली वाइंडिंग घ्या. प्रायमरी (वीज शिरते ती बाजू; निघते ती सेकंडरी) २३० व्होल्ट, आणि जमल्यास २४० चाही एक टॅप, कारण कित्येक इमारतींत सॉकेटवर २४० च्या वर सहज मिळतात. एकूण क्षमता ८० ते १०० व्हीए. वॉर्निशमध्ये नीट बुडवून, भट्टीत वाळवून द्यायला सांगा. मुंबईच्या हवेत वॉर्निश नसलेला ट्रान्सफॉर्मर दोन पावसाळ्यांत गंजतो आणि गुणगुणायला लागतो.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ईएल ८४ ला साधारण ५ किलोओहमचा भार दिसायला हवा आणि आपला स्पीकर ८ ओहमचा. फेऱ्यांचं प्रमाण त्याचं वर्गमूळ, म्हणजे पाच हजार भागिले आठ, ६२५, आणि ६२५ चं वर्गमूळ २५. पण नुसतं २५ ला १ एवढं सांगून काम होत नाही. सिंगल-एंडेड सर्किटमध्ये प्रायमरीतून सतत ५० मिलिअँपिअर डीसी वाहत असतो. त्या डीसीमुळे कोअर एकाच दिशेने चुंबकीय होऊन भरून जातो, आणि मग खालचे सूर वाजवायला त्याच्यात जागाच उरत नाही. म्हणून कोअरमध्ये हवेची फट ठेवावी लागते.

हे मी अनुभवाने शिकलो. पहिल्या अँप्लिफायरसाठी मी एका छोट्या कारखान्यातून दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर करून घेतले. दिसायला सुरेख, वाइंडिंग घट्ट, मोजमापाला प्रमाण बरोबर २५. यंत्र चालू केलं, तबल्याची शाई छान बोलली, पण डग्गा नुसता थप्प थप्प वाजत होता. घुमारा नाही, मींड नाही. दोन आठवडे मी कपॅसिटर बदलत बसलो. शेवटी एका नगाचं झाकण काढून स्टॅम्पिंगकडे, म्हणजे कोअरच्या पट्ट्यांकडे, बघितलं तर ई आणि आय पट्ट्या आलटून पालटून भरलेल्या होत्या, मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये भरतात तशा. कारागिराचा हात उत्तम होता, पण त्याला आयुष्यभर तेवढ्याच कामाची सवय, आणि मीही कागदावर फट लिहून दिली नव्हती. नशिबाने वॉर्निश मारायचं राहिलं होतं. मी एकेक पट्टी सोडवली, सगळे ई एका बाजूने आणि सगळे आय दुसऱ्या बाजूने रचले, मधे वहीच्या कागदाचा एक थर ठेवून आवळलं. त्या रात्री तोच डग्गा खर्जात घुमायला लागला.

म्हणून वाइंडिंगवाल्याला तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या. माझ्या चिठ्ठीवर आता एवढं असतं: प्रायमरी ५ किलोओहम, सेकंडरी ८ ओहम आणि ४ ओहमचा टॅप, सिंगल-एंडेड, प्रायमरीतून ६० मिलिअँपिअर डीसी, सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरचं खास पोलाद) स्टॅम्पिंग, ई एकीकडे आय एकीकडे, मधे फट, ६० मिलिअँपिअर वाहत असताना प्रायमरीचं इंडक्टन्स किमान १२ ते १५ हेन्री, प्रायमरी तुकड्यांत गुंडाळून मधे मधे सेकंडरीचे थर. हा शेवटचा मुद्दा वरच्या सुरांसाठी. प्रायमरी सगळी आत आणि सेकंडरी सगळी बाहेर असेल तर तानपुऱ्याची जवारी आणि झांजेची किनार मंदावते. निदान तीन तुकडे प्रायमरीचे आणि त्यांच्यामध्ये दोन सेकंडरीचे, एवढं मागा. कारागीर कुरकुर करेल, मजुरी वाढवेल, द्या. पाच वॅटचा नग असला तरी तो पाऊण-एक किलोचा हवा. तळहातावर हलका लागला तर खालचे सूर मिळणार नाहीत हे नक्की समजा.

घरी आणल्यावर तपासणी सोपी आहे. मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्टच्या तारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला जोडा आणि ८ ओहमच्या सेकंडरीवर मोजा. पाव व्होल्ट यायला हवा. उलटं कधी करू नका, सेकंडरीला ६.३ दिले तर प्रायमरीवर दीडशेच्या वर व्होल्ट उभे राहतात.

पुश-पुलचा (जोडीने चालणाऱ्या दोन व्हॉल्व्हसाठीचा) जुना ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याच्यात फट नसते, आपल्या कामाचा नाही.

बाकीची खरेदी

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की चालत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, टॅग स्ट्रिप (सुटे भाग जोडायच्या पट्ट्या), वायर, पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण), आरसीए सॉकेट हे सगळं तिथे एका फेरीत होतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. यादी मराठीत किंवा हिंदीत कशीही बोला, पण आकडे दुकानाच्या भाषेत बोला: “शंभर के, एक वॅट, मेटल फिल्म, दहा नग.” “फॉर्टी सेव्हन एमएफडी, चारशे पन्नास व्होल्ट.” के म्हणजे किलोओहम, एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरड. पत्रा कापायची, भोकं पाडायची हत्यारं नागदेवी स्ट्रीटला, आणि मेन्सची चांगली वायर, स्विच, फ्यूज होल्डर लोहार चाळीत.

व्हॉल्व्ह नवेच घ्या. स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचे किंवा रशियात बनणारे ईएल ८४ आणि १२ एएक्स ७ चांगले टिकतात. ईएल ८४ ची जोडी जुळवलेली मागा. अमेरिकन नाव ६ बीक्यू ५ आणि रशियन ६ पी १४ पी, वस्तू तीच. जुन्या बाजारात, मटण स्ट्रीटला, उघडलेल्या रेडिओंच्या ढिगात कधी कधी बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह हाती लागतात. आपल्या देशात बनलेला तो माल मला मनापासून आवडतो आणि मी मिळेल तेव्हा घेतो. पण टेस्टर नसताना पहिल्या बांधणीत तो वापरू नका. आवाज बिघडला तर दोष व्हॉल्व्हचा की जोडणीचा हे कळणार नाही. घेताना वरच्या बाजूचा गेटरचा (आत उरलेली हवा शोषणाऱ्या लेपाचा) डाग बघा. चंदेरी असेल तर ठीक, पांढरट पडला असेल तर आत हवा शिरली आहे.

जुन्या रेडिओतले कपॅसिटर मात्र एकही वापरू नका. इलेक्ट्रोलिटिक सुकलेले असतात आणि मेण लावलेले कागदी कपॅसिटर हटकून गळतात.

इलेक्ट्रोलिटिक ४५० व्होल्टचेच हवेत. हिशोबात एचटी २७० असली तरी चालू केल्यानंतर पहिले पंधरा-वीस सेकंद व्हॉल्व्ह थंड असतात, करंट कुणी घेत नाही, आणि २१० चं शिखर ३०० च्या जवळ जातं. त्यात ट्रान्सफॉर्मर भाराविना थोडं जास्त देतो आणि मेन्स २४५ असेल तर आणखी वर. ३५० व्होल्टचा कपॅसिटर तिथे कायम काठावर राहतो. १०५ अंश तापमानाचे मिळाले तर तेच घ्या.

कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या टप्प्याला देणारा) ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीन. साधा, चांगल्या कंपनीचा पुरे. रेझिस्टर १ वॅट मेटल फिल्म, जिथे वेगळं सांगितलंय तिथे सोडून. व्हॉल्यूमसाठी १०० के चा लॉगरिदमिक, दुहेरी पॉट. लिनिअर घेतला तर सगळा आवाज पहिल्या पाव फेरीतच येऊन बसतो. व्हॉल्व्हचे नऊ पिनांचे सॉकेट सिरॅमिकचे.

चॅसी आणि मांडणी

दोन मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियम पत्रा, बारा बाय आठ इंच, बाजू अडीच इंच. वाकवून आणि कोपरे जोडून कुठलाही पत्र्याचं काम करणारा देतो. लोखंडी पत्रा नको: कापायला कठीण, गंजतो, आणि ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र वाहून नेतो. भोकं पाडायच्या आधी सॉकेट हातात घ्या आणि व्यास मोजा. नऊ पिनांचं सॉकेट बहुधा २२ मिलिमीटरचं भोक मागतं, पण सगळ्यांचं सारखं नसतं. भोकाची कड कानसीने घासून घ्या. धारदार कड वायरचं आवरण कापते.

ट्रान्सफॉर्मर कुठे बसवायचे हे पट्टीने ठरवू नका, कानाने ठरवा. पत्र्यावर तीनही नग नुसते ठेवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन लावा. मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या बाकी सगळ्या तारांची टोकं टेपने नीट गुंडाळून त्याच्या प्रायमरीला वीज द्या. हेडफोनमध्ये घूं असा आवाज येईल. आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवा, सरकवा. एका कोनात तो आवाज जवळजवळ नाहीसा होतो. पेन्सिलने तिथेच खूण करा. दुसऱ्या नगासाठीही तेच. या अर्ध्या तासाने पुढची कित्येक तासांची हम (विजेची गुणगुण) शोधण्याची मेहनत वाचते.

दोन ईएल ८४ मध्ये किमान दोन इंच अंतर ठेवा आणि इनपुटची सॉकेट्स, पॉट आणि १२ एएक्स ७ मेन्सपासून लांबच्या टोकाला.

जोडणी

पीसीबी लागत नाही. सॉकेटच्या पिना आणि टॅग स्ट्रिप यांच्यामध्ये सुटे भाग थेट जोडायचे. पिना मोजताना चॅसी उलटी करा, पिनांमधली मोठी फट आपल्याकडे, आणि घड्याळाच्या दिशेने एक ते नऊ.

पहिल्यांदा हीटरच्या तारा. दोन तारा घट्ट पिळा, चॅसीच्या कोपऱ्यात दाबून न्या. ईएल ८४ ला त्या ४ आणि ५ वर जातात. १२ एएक्स ७ ला ४ आणि ५ एकत्र जोडून एक तार, दुसरी तार ९ वर. इथे हमखास चूक होते: ४ आणि ५ वरच ६.३ व्होल्ट दिले तर व्हॉल्व्ह अर्धवट तापतो आणि आवाज मलूल येतो. मधला टॅप जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला. टॅप नसेल तर दोन्ही तारांपासून जमिनीला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर.

मग पॉवर सप्लाय. मेन्सची फेज आधी ५०० मिलिअँपिअरच्या स्लो-ब्लो फ्यूजला, मग स्विचला, मग प्रायमरीला. अर्थची हिरवी वायर स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर घालून, रंग खरवडून थेट चॅसीला. त्या बोल्टवर दुसरं काही नको. एचटी वाइंडिंगवर यूएफ ४००७ चार डायोडचा ब्रिज. पुढे ४७ मायक्रोफॅरड, मग ५ ते १० हेन्री, १५० मिलिअँपिअरचा चोक, मग १०० मायक्रोफॅरड आणि त्यावर ब्लीडर. चोक नसेल तर १५० ओहम, १० वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर लावा. थोडी हम वाढेल पण चालेल. या दुसऱ्या कपॅसिटरवरची एचटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरना जाते. तिथूनच १० के मधून २२ मायक्रोफॅरडवर १२ एएक्स ७ ची वेगळी, आणखी गाळलेली एचटी. कपॅसिटरची उणे बाजू दोनदा तपासा. उलटा लागलेला इलेक्ट्रोलिटिक फुटतो.

आता एक चॅनल. इनपुट पॉटला, पॉटच्या मधल्या टोकापासून जमिनीला १ मेगाओहम, म्हणजे दमट हवेने पॉटचा संपर्क सुटला तरी ग्रिड अधांतरी राहणार नाही. तिथून १ के मधून १२ एएक्स ७ च्या पिन २ ला. पिन ३ कॅथोड, तिथे १.५ के जमिनीला. पिन १ प्लेट, तिथे १०० के मधून एचटी. दुसऱ्या चॅनलला हेच अनुक्रमे ७, ८ आणि ६. प्लेटवरून ०.१ मायक्रोफॅरड घेऊन पुढे, तिथून ४७० के जमिनीला आणि २.२ के मधून ईएल ८४ च्या पिन २ ला. हा २.२ के सॉकेटच्या पिनेला अगदी चिकटून लावा, लांब वायर नको, नाहीतर व्हॉल्व्ह ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर शिट्टी घालतो आणि प्लेट लाल होते. पिन ३ कॅथोड: १५० ओहम, ५ वॅट आणि त्याला समांतर २२० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. पिन ७ प्लेट, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकाला. दुसरं टोक एचटीला. पिन ९ स्क्रीन, ४७० ओहम मधून एचटीला. १, ६ आणि ८ मोकळ्या ठेवा. आतून त्या कशाला तरी जोडलेल्या असतात, टेकू म्हणून वापरू नका. सेकंडरीचं एक टोक जमिनीला, दुसरं स्पीकरला.

जमिनीची तार हा स्वतंत्र विषय आहे. एक जाड तांब्याची तार चॅसीला न टेकवता पॉवर सप्लायपासून इनपुटपर्यंत न्या आणि प्रत्येक टप्प्याची जमीन क्रमाने तिच्यावर जोडा: पहिला फिल्टर कपॅसिटर एका टोकाला, इनपुट दुसऱ्या टोकाला. चॅसीला ही तार एकाच ठिकाणी, इनपुटजवळ जोडायची. म्हणून आरसीए सॉकेट चॅसीपासून प्लास्टिकच्या वॉशरने वेगळे ठेवा.

डाग देताना घाई नको. टोक पिनेभोवती आधी वळवा, मग तापवा, मग सोल्डर. चकचकीत, आत वळलेला डाग हवा. गोळा झाला असेल तर पुन्हा तापवा.

पहिल्यांदा चालू करताना

सिरीज बोर्ड करून घ्या: फेजच्या मधोमध एक १०० वॅटचा फिलॅमेंटचा पिवळा बल्ब. एलईडी इथे चालत नाही. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचतो.

व्हॉल्व्ह न लावता चालू करा. बल्ब क्षणभर उजळून विझत आला पाहिजे. हीटरच्या पिनांवर साडेसहा ते सातच्या दरम्यान, एचटीवर ३०० च्या आसपास. बंद करा आणि मीटर लावून एचटी खाली येताना बघत राहा. ब्लीडर काम करतोय याची खात्री इथेच होते.

आता व्हॉल्व्ह बसवा आणि दोन्ही आउटपुटला ८ ओहम, १० वॅटचे रेझिस्टर जोडा. भाराशिवाय चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर उंच व्होल्टेज उठून इन्सुलेशन फाटू शकतं. बल्ब मधे असताना पहिली मिनिटं बघा, सगळं शांत असेल तर बल्ब काढून थेट मेन्सवर. अर्ध्या मिनिटात हीटर नारिंगी दिसतील. खोलीतला दिवा मालवून प्लेटकडे नजर ठेवा. प्लेटवर लाल डाग दिसला तर ताबडतोब बंद.

आता मोजा. मुख्य एचटी २६५ ते २७५. ईएल ८४ पिन ७ त्याहून दहा-पंधरा व्होल्ट कमी. पिन ३ वर सात ते साडेसात. १२ एएक्स ७ च्या १ आणि ६ वर दीडशे ते १८०, ३ आणि ८ वर सव्वा ते दीड व्होल्ट. सर्वांत महत्त्वाचा आकडा ईएल ८४ च्या पिन २ वर, तिथे शून्य हवं. थोडंसंही धन व्होल्टेज दिसलं तर कपलिंग कपॅसिटर गळतोय किंवा व्हॉल्व्ह वायूने खराब आहे.

आणि हा हिशोब कराच. समजा पिन ३ वर साडेसात व्होल्ट. भागिले १५० ओहम, ५० मिलिअँपिअर. त्यातले पाच स्क्रीनचे, उरले ४५. प्लेट आणि कॅथोडमध्ये २४५ व्होल्ट असतील तर ११ वॅट. ईएल ८४ ची मर्यादा १२ वॅटची आहे. बाराच्या वर जात असेल तर १५० च्या जागी १८० ओहम लावा. तुमच्या इमारतीत रात्री उशिरा मेन्स चढत असेल तर मोजणी त्या वेळी करा.

फीडबॅक आणि हम

हे सगळं जमल्यावर, आधी नाही, फीडबॅक जोडा, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत पहिल्या टप्प्याला द्या. सेकंडरीच्या स्पीकरकडच्या टोकापासून ४७ के मधून त्याच चॅनलच्या १२ एएक्स ७ च्या कॅथोडला. जोडताच आवाज थोडा कमी व्हायला हवा. वाढला किंवा किंचाळला तर सेकंडरीची दोन टोकं अदलाबदल करा. एवढ्याने सहा-सात डेसिबल फीडबॅक मिळतो. डग्गा आवरतो, स्पीकरवर ताबा येतो आणि फोन किंवा सीडी प्लेअरची साधी पातळी पूर्ण आवाजाला पुरते. २२ के पर्यंत खाली जाऊन बघितलं, आवाज मला आवळल्यासारखा वाटला.

हम राहिली तर व्हॉल्यूम शून्यावर आणून ऐका. गोल, खोल आवाज ५० हर्ट्झचा, म्हणजे हीटरच्या तारा किंवा ट्रान्सफॉर्मरची दिशा. भुंग्यासारखा टोकदार १०० हर्ट्झचा, म्हणजे फिल्टर किंवा जमिनीची तार. व्हॉल्यूम वाढवल्यावर वाढत असेल तर दोष इनपुटच्या वायरमध्ये. १२ एएक्स ७ उपसून बघा: हम थांबली तर आधीच्या टप्प्यात, राहिली तर ईएल ८४ किंवा सप्लायमध्ये. दर वेळी उपसण्याआधी बंद, तीन मिनिटं, मीटर.

वापरात

खाली तळाला भोकं असलेला पत्रा लावाच. उबदार चॅसीत पाली शिरतात आणि एचटीवर सापडतात. वर काचेला हात लावता येत नाही इतकी उष्णता असते, घरात लहान मूल असेल तर जाळी करा. शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका. जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास तरी चालू ठेवा, सॉकेटच्या पिनांवर हिरवा थर बसत नाही आणि पॉट खरखरत नाही. वर्षातून एकदा व्हॉल्व्ह काढून पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा आणि तेच सगळे आकडे पुन्हा मोजा. मी चॅसीच्या तळाला आतून एक कागद चिकटवलाय, पहिल्या दिवसाचे व्होल्टेज आणि तारीख लिहिलेला. खाली दर वर्षीची एक ओळ.